तुम्ही विचारलंत म्हणून : तो पतंग तुम्हाला दिसतो तरी कसा?

वाळक्या पानांत लपून बसलेल्या पतंगाचा (किड्याचा) मी काढलेला फोटो पाहून लोक आधी "यात पतंग कुठंय?" म्हणतात. बोट ठेवून दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला : तुम्हाला तो दिसला कसा? नजर फार तीक्ष्ण असणार, असं समजून कौतुकही होतं. ते फुकटचं आहे. मला जाड चष्मा आहे, आणि मी पतंग शोधतच नाही, गुळवेल शोधतो.

पतंगाचं नाव युडोसिमा. संत्रा-मोसंबीवाल्यांचा हा 'रस शोषणारा पतंग'. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या, संत्र्याच्या पट्ट्यातल्या बागायतदाराला त्याची ओळख करून द्यायला नको. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येणाऱ्या हंगामाची) फळं पिकायला लागली की अंधार पडल्यावर तो बागेत येतो, कडक दातेरी सोंडेनं सालीला भोक पाडतो आणि रस पितो. टाचणीएवढ्या त्या भोकातून बुरशी शिरते, फळ सडतं, गळतं. पण त्याच्या अळ्या संत्र्याच्या पानाला तोंडही लावत नाहीत. त्या वाढतात गुळवेल, वासनवेल असल्या वेलींवर. म्हणून बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, या वेली काढून टाका, असा सल्ला देतात. जिथं त्या राहिल्यात, तिथं मी सकाळी जातो.

वेलीवर अळी दिसली की अर्धं काम झालं. काळपट अंग, दोन्ही बाजूंना मोठे डोळ्यांसारखे ठिपके. डिवचली की अंगाची कमान करते. मग आजूबाजूच्या झुडपात आणि पालापाचोळ्यात वाळकी पानं बघत बसायचं. मिटलेल्या पंखांचा पतंग म्हणजे हुबेहूब तपकिरी पान, मधल्या शिरेसारखी रेघसुद्धा असते. तोंडापुढे आलेले दोन अवयव देठासारखे दिसतात. मग फसवणूक कुठं उघडी पडते? वाऱ्यात. खरं पान देठावर डुलतं, हा सहा पायांनी घट्ट धरून बसलेला असतो. शेजारची सगळी पानं हलताहेत आणि एकच ढिम्म आहे, असं दिसलं की मी थांबतो. वारा नसेल तर डावी-उजवी बाजू ताडून पाहायची. वाळकं पान वेडंवाकडं मुरडतं. दोन्हीकडं इतकं सारखं कुठलं मुरडायला?

आता फोटो. दुसरी फर्माईश असते केशरी पंखांची. मागचे पंख खरोखर देखणे असतात, गडद केशरी आणि त्यावर काळे डाग. ते बघायला पतंगाला काडीनं टोचणारे फोटोवाले मी पाहिलेत. मला ते अजिबात पटत नाही. दिवसा उठवलेला पतंग बुलबुलाच्या चोचीत जाऊ शकतो. शिवाय तो केशरी रंग पळतानाचा डाव आहे : पाठलाग करणारा पक्षी केशरी काहीतरी शोधत राहतो आणि हा बसताक्षणी पुन्हा तपकिरी होतो. रात्री फळावर बसलेला असताना कधीकधी तो रंग आपोआप दिसतो, तेव्हा घ्यावा.

अगदी जवळून, फ्रेम भरून काढलेला फोटो ओळख पटवायला ठीक. पण त्यात लपणं कुठं उरतं? मी चार पावलं मागं सरकतो, आजूबाजूचा पाचोळा येऊ देतो, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान, एफ/८ ते एफ/११ ठेवतो म्हणजे शेजारची पानंही पुरेशी स्पष्ट येतात. समोरून फ्लॅश मारायचा नाही; सावल्या पुसल्या जातात आणि सगळं सपाट दिसतं. सकाळचं तिरपं ऊन पुरतं. मोबाईललाही पुरतं.

हो, बागेच्या मालकाला आधी विचारा. एकानं मला सरळ सांगितलं होतं, "फोटो काढून झाला का सांगजा, मंग पायतो मी त्याच्याकडं." त्याच्या फळगळीचा हिशेब पाहता मला काही बोलता आलं नाही. रात्री बॅटरी घेऊन हे पतंग वेचायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हा त्याचा हंगामातला नेम आहे. बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात, त्यामुळे त्याला ते माझ्यापेक्षा कितीतरी लवकर सापडतात.