आमची वाटचाल : ‘गाडी फार तापते’ या एका तक्रारीभोवती

पुण्यात सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याच्या अलीकडे आमचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज १९९७ पासून चालू आहे. सर्व्हिसिंग, ब्रेक, चेन-स्प्रॉकेट अशी सगळीच कामे आम्ही करत आलो; परंतु गेली काही वर्षे आमची ओळख मुख्यतः ‘गाडी तापत असेल तर तिथे दाखवा’ अशी झाली आहे. या ओळखीत आमच्या जागेचाही वाटा आहे. एका बाजूला स्वारगेटपर्यंतची गर्दी, जिच्यात गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगते. दुसऱ्या बाजूला खडकवासला, डोणजे आणि पुढे गडाचा घाट, जिथे दोघांना घेऊन शंभर सीसीची गाडी थ्रॉटल पूर्ण पिळूनही मंद गतीनेच चढते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला या दोन्ही ठिकाणी हवाच कमी मिळते आणि शनिवार-रविवारी गड उतरलेली मंडळी आमच्याच दारावरून घरी जातात.

गॅरेज काढण्यापूर्वी मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीतील एका टूलरूममध्ये नोकरी केली होती. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त तिथली. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या आकुर्डीला तयार होणाऱ्या चेतक होत्या. या स्कूटरचे इंजिन डिकीसारख्या बंद आवरणात असल्यामुळे त्याला वाऱ्याचा झोत मिळत नाही. फ्लायव्हीलवरच्या पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरभोवती फिरवली जाते. पुष्कळ ठिकाणी हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उघडल्यानंतर ते आवरण परत बसवण्याचा कंटाळा केला जाई आणि ‘उघडे असले की जास्त गार राहते’ असे ग्राहकाला वर पटवूनही दिले जाई. प्रत्यक्षात आवरण नसले की पंख्याची हवा भलतीकडेच निघून जाते, चढावर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि गाडी जागच्या जागी अडकते. नाना पेठेतून शोधून आणलेले जुने आवरण आणि चार बोल्ट एवढ्यावर रिबोअरिंगचा (सिलिंडर आतून पुन्हा कातून घेण्याचा) खर्च वाचलेल्या स्कूटर आम्ही तेव्हा कितीतरी पाहिल्या. इंजिनाच्या उष्णतेची तक्रार इंजिन न उघडताही सुटू शकते, हे आमच्या धंद्याचे सूत्र त्या स्कूटरांनी घालून दिले.

मोटारसायकलचे दिवस आले तसे या तक्रारीचे रूप बदलले. स्कूटरचे इंजिन नजरेआड होते. मोटारसायकलचे इंजिन मात्र दोन्ही पायांच्या मध्ये उघडेच असते, त्यामुळे त्याची धग चालवणाऱ्याला सतत जाणवते. फिन्सवर (इंजिनाबाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) पाण्याचे थेंब शिंपडून ‘बघा, चर्र आवाज येतो’ असे दाखवणारे ग्राहक आजही येतात. पाणी शंभर अंशांना उकळते, आणि हवेवर थंड होणाऱ्या निरोगी इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या बुडाशी दीडशे अंशांच्या पुढचे तापमान ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा तो चर्र आवाज न आला तरच विचारात पडावे. पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो आणि बाकीची सगळी उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि फिन्सवरून बाहेर पडते. हात लावून किंवा मांडी भाजते म्हणून इंजिन बिघडले असे ठरवता येत नाही. चढावर पिकअप एकाएकी मरणे, थ्रॉटल दिल्यावर आतून खडखड ऐकू येणे, प्लगचे पांढरे चिनीमातीचे टोक खडूसारखे फटफटीत किंवा फोड आल्यासारखे दिसणे, ऑइलला जळका वास येणे ही खरी लक्षणे होत. यांपैकी काहीही नसेल तर बहुधा गाडी आपले काम करत असते. गॅरेजच्या भिंतीवर याच संदर्भात आम्ही एक पाटी लावली आहे : ‘तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. घाई असल्यास रिक्षाने जावे.’ तापलेले ॲल्युमिनियम एकाच बाजूने अचानक आकसले तर हेड वाकू शकते, फिनला तडा जाऊ शकतो. पण एवढे लिहिले तर कोणी वाचत नाही.

२००१ मध्ये पल्सर बाजारात आली आणि पुण्यातल्या तरुणांची निवड पाहता पाहता बदलली. २००३ पासून त्या इंजिनात दोन प्लग आले. दोनपैकी एक प्लग बंद पडला तरी गाडी चालत राहते, म्हणून मालकाला काही समजत नाही. मात्र आतले मिश्रण सावकाश जळते, जळण्याचे काम उशिरापर्यंत चालू राहते आणि एक्झॉस्टची बाजू अधिक तापते. अशा गाड्यांसाठी दोन्ही प्लग वेगवेगळे तपासल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम आम्ही तेव्हाच केला.

त्या काळातील दुसरा अनुभव टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातील फटीचा. ‘टॅपेटचा आवाज पूर्ण बंद करून द्या’ ही ग्राहकांची आवडती मागणी आहे आणि ती पुरवणे अगदी सोपे आहे : फट कमी करायची, आवाज जातो, ग्राहक खूश होतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेला) आपली उष्णता सोडायला मुख्यतः एकच वेळ मिळते, ती म्हणजे तो बंद होऊन आपल्या सीटवर टेकलेला असतो तेव्हाची. फट राहिली नाही तर तापून लांब झालेला व्हॉल्व्ह नीट टेकतच नाही, कडेने जळू लागतो, कॉम्प्रेशन जाते आणि गाडी ‘गरम झाल्यावर ओढत नाही’ म्हणून पुन्हा दारात येते. मिलिमीटरच्या पाच ते दहा शतांशांची ही फट असते. ती फीलर गेजनेच लावावी लागते, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. थोडी टिकटिक ऐकू येणारे इंजिन आम्ही तसेच परत देतो. त्यावरून काही ग्राहक तुटले, त्याला आमचा इलाज नव्हता.

धंद्याची दिशा बदलणारा प्रसंग मात्र इंजिनाच्या बाहेरचा आहे. घरोघरी जेवण पोहोचवणारा एक तरुण गाडी घेऊन आला. इंजिन तापते, ॲव्हरेज पडले आहे, आणि दुसरीकडे फुल इंजिन काढावे लागेल असे सांगून खर्चाचा आकडाही हातात दिलेला होता. तो आकडा त्याच्या महिन्याच्या मिळकतीच्या पुढे जाणारा होता. आम्ही गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचे चाक हाताने जोरात फिरवले. ते एक फेराही पूर्ण न करता थांबले. ड्रमला हात लावता येत नव्हता. ब्रेक शू उघडणारा कॅम गंजून घट्ट झाला होता, त्यामुळे पेडल सोडल्यावर शू मागे येत नव्हते, आणि कोणीतरी मागचा नट गरजेपेक्षा जास्त आवळून त्यात भर घातली होती. शिवाय क्लचच्या लिव्हरला मोकळीक अजिबात नव्हती. टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर खेळ असावा लागतो. तो नसला की प्लेट सतत थोड्या घसरत राहतात आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते. म्हणजे इंजिन बिचारे दिवसभर ब्रेक लावलेली गाडी घसरत्या क्लचवर ओढत होते. कॅम काढून पॉलिश पेपरने साफ केला, ग्रीस लावले, केबल सैल केली. चाक सहज फिरू लागले.

प्रश्न पुढे आला तो बिलाचा. सामान जवळजवळ शून्य, मजुरी अर्ध्या तासाची. पण नेमके काय झाले आहे हे शोधण्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची? हिशेब माझी पत्नी पाहते. तिचे म्हणणे स्पष्ट होते की, ज्या कामाला आपण सर्वांत जास्त डोके लावतो तेच फुकट करतो आणि मग ते भरून काढण्यासाठी पार्ट विकावे लागतात, ही पद्धतच गॅरेजवाल्याला इंजिन उघडायला लावते. तिच्याच आग्रहाने आम्ही तपासणीचे शुल्क दुरुस्तीपासून वेगळे केले. गाडी तपासायची, काय आढळले ते कागदावर लिहून द्यायचे आणि दुरुस्ती आमच्याकडे करायची की अन्यत्र, हे ग्राहकाने ठरवायचे. ‘नुसते बघायचे पैसे?’ हा प्रश्न पुण्यात विचारला जाणार हे गृहीतच होते, आणि तो भरपूर विचारला गेला. ‘गाडीत काही दोष नाही’ असे लिहून दिल्यावर तर काहींना आपण फसवले गेलो असेच वाटे. डॉक्टरने औषध न देता घरी पाठवले तर फी बुडाल्यासारखी वाटते, त्यातलाच हा प्रकार. पहिली दोन-तीन वर्षे गॅरेजचे उत्पन्न घटलेच. त्यानंतर मात्र जुन्या गाड्या विकत घेणारे लोक खरेदीपूर्वी तपासणीसाठी येऊ लागले आणि शुल्काबद्दलची घासाघीस बरीच कमी झाली.

शुल्क घ्यायचे तर उत्तर नुसत्या अंदाजावर देता येत नाही. आम्ही इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. पण हे यंत्र चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखले तर खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, म्हणून काळ्या मॅट रंगाच्या ठरलेल्या जागेवरच मापन करायचे असे ठरवले. नुसता आकडाही निरुपयोगी असतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हाचे मापन आणि डिसेंबरच्या सकाळचे मापन यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून एकच ठरलेला मार्ग, एकच चालवणारा, आणि परतल्यावर ठरावीक क्रमाने प्लगचे बूड, क्लच कव्हर, मागचा हब, पुढची डिस्क यांची मापे. सोबत त्या दिवसाची हवा आणि गाडीचे मॉडेल. ही नोंदवही हळूहळू जाड होत गेली आणि आता त्याच मॉडेलच्या निरोगी गाडीशी ताडून पाहणे शक्य होते. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे काम चालू असताना तक्रारी वाढल्या, तेव्हा या वहीचा फार उपयोग झाला : बहुतेक गाड्यांची मापे मोकळ्या रस्त्यावर नेहमीसारखीच येत होती, दोष वाहतुकीच्या कोंडीचा होता.

२०२० हे वर्ष आमच्यासाठी दोन कारणांनी वेगळे ठरले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि १ एप्रिलपासून बीएस-६ ही प्रदूषणाची नवी मानके लागू झाली. टाळेबंदी उठल्यानंतर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या कार्बोरेटरच्या गाड्या आल्या. टाकीतले आणि फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून मागे चिकट थर राहिलेला, त्यामुळे बारीक जेट (पेट्रोल येण्याची भोके) अर्धवट बुजलेले. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे पातळ मिश्रण जळताना हेड नेहमीपेक्षा तापते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते. इनलेट मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबराला चीर पडली तरी हेच घडते; गाडी स्लोवर ठेवून रबराभोवती कार्बोरेटर क्लीनर फवारला आणि इंजिनाचा आवाज बदलला की चीर सापडली. जेट साफ करायला त्यात तार घालण्याची मात्र आमच्या गॅरेजमध्ये सक्त मनाई आहे.

बीएस-६ गाड्यांचे प्रकरण निराळे. त्यांच्यात कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्शन आले, मिश्रणाचे प्रमाण काटेकोर झाले, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागाला) काम करण्यासाठी स्वतःच कित्येकशे अंश तापावे लागते. तो इंजिनाजवळ असला की पायाला धग जास्त लागते आणि मालकाला नवी गाडी जुनीपेक्षा बिघडलेली वाटते. अशांना आम्ही मापे दाखवून परत पाठवतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दलही हल्ली विचारणा होते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरमध्ये त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते, हे खरे आहे. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ते सावरून घेते. जुन्या गाडीचा प्लग पाहून, गरज दिसली तरच आम्ही एक नंबर मोठा मेन जेट सुचवतो.

ऑइलबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सर्वांना ठाऊक असते आणि तरी पाळले जात नाही. सव्वाशे सीसीच्या गाडीत सुमारे एक लिटर ऑइल असते. त्यातले पाव लिटर कमी झाले तरी उष्णता वाहून नेणाऱ्या ऑइलचा चौथा हिस्सा गेलेला असतो. उरलेले कारचे ऑइल मोटारसायकलमध्ये ओतू नये, कारण आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी प्लेट घसरू शकतात.

चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकसारख्या पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्या वाढल्या, तसे कामाचे स्वरूप पुन्हा बदलत आहे. या गाड्यांत तापमान डिस्प्लेवर दिसते, म्हणून ग्राहक आकडा घेऊनच येतो. पावसाळ्यात ताम्हिणीहून आलेल्या गाडीचा रेडिएटर चिखलाने भरलेला असतो, आणि तो प्रेशर वॉशरने जवळून धुतल्यामुळे नाजूक फिन्स वाकून हवेची वाटच बंद झालेली असते. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरलेले सापडते. पंखा लागत नसेल तर आम्ही आधी फ्यूज, मग कनेक्टर, मग मोटर असे तपासतो. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू देत नाही. आत दाब असतो, आणि दाब सुटताच कूलंट उसळून तोंडावर येते.

तपासणी आम्ही फक्त सकाळी करतो. टॅपेटची फट आणि ऑइलची पातळी यांची पहिली नोंद रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच घ्यायची असते, त्यामुळे गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत आणून ठेवावी लागते. येण्यापूर्वी गाडी धुऊन आणू नये, कारण ऑइल कुठून झिरपते ते धुळीच्या डागावरून समजते. शेवटचे ऑइल कधी व कोणते घातले, याची पावती असल्यास सोबत आणावी.