दीडशे ग्रॅमची मूद

एसटी स्टँडबाहेरच्या शिवभोजन केंद्राच्या भिंतीवर पाटी होती. 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि भाताची एक मूद, 150 ग्रॅम. माझी गाडी चुकली होती, त्यामुळे ती पाटी मी तीनदा वाचली. 26 जानेवारी 2020 ला 10 रुपयांची ही थाळी सुरू झाली तेव्हा शासन निर्णयातही मूदच लिहिली होती. 'सदर' आणि 'उपरोक्त' यांच्या पंगतीला मूद बसलेली पाहून मला उगाचच बरं वाटलं होतं.

पण मूद आणि ग्रॅममध्ये? मूद वाटीची असते आणि वाटी ज्याच्या त्याच्या घरची. आमच्याकडे भाताची म्हणून एक पितळी वाटी होती, बुडाला पोचा आलेली. तिच्यातून पडलेल्या मुदीला डोक्यावर खळगा असायचा. आजी तूप बरोबर त्या खळग्यात सोडायची, थेंब ओघळायचा नाही. दुसऱ्यांकडची गुळगुळीत मूद मला अजूनही टकली वाटते.

पोळ्या मोजायच्या नाहीत, हा आजीचा कायदा. "कितवी?" विचारलं की डोळे वटारायची. (मी मोजतोच. लग्नात शेजारच्याच्या जिलब्यासुद्धा.)

मग आजोबांना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, दुपारी भाताची एकच मूद. आजीने मान डोलावली. त्या दिवसापासून आजोबांच्या वाटीत ती भात भरायची, अंगठ्याने दाबायची, पुन्हा भरायची, पुन्हा दाबायची. आमच्या मुदी ताटात नुसत्या घसरायच्या. त्यांची थप्पकन पडायची. आजोबा मान खाली घालून लिंबू पिळायचे.

"एकच ना?" डॉक्टर विचारत.

"एकच हो, देवाशप्पथ!" आणि ते खोटं नव्हतंच.

साखर काही उतरेना. डॉक्टर गोळ्या बदलत राहिले. शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं.

दवाखान्यातून आजोबा घरी आले, त्या दुपारी आजीने वाटी उपडी केली आणि मूद पडतापडताच सुटली. शितं ताटभर झाली. तूप कुठे सोडायचं ते आजीला कळेना. आजोबांनी लिंबाची फोड खाली ठेवली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.