न परतलेल्यासाठी प्रार्थना

वसई किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मी धर्मगुरू म्हणून सेवा करत होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. पावसाळी बंदी उठून ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या आणि त्यांतली एक वादळात सापडली. बोटीचा प्रमुख असलेला तांडेल आणि इतर खलाशी दुसऱ्या बोटीमुळे वाचले, एक तरुण मात्र सापडला नाही. ऑक्टोबर सरत आला तेव्हा त्याची पत्नी आणि आई माझ्याकडे आल्या. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, गावातले प्रत्येक कुटुंब आपल्या माणसाच्या कबरीवर फुले वाहते आणि मेणबत्त्या लावते. आपण मेणबत्ती लावायची का आणि लावायची तर कुठे, असे पत्नीने विचारले. तिने काळे कपडे घालावेत की नाहीत, यावर शेजारणींमध्ये आधीच दोन तट पडले होते. आई एवढेच म्हणाली, "फादर, त्याला मेलेला म्हणू नका."

या अवस्थेसाठी आमच्याकडे तयार विधी नव्हता. कायदा सात वर्षे वार्ता नसलेल्या माणसाला मृत मानतो. चर्चची १९८३ची कायदेसंहिता त्याहून सावध आहे, कारण जोडीदार कितीही काळ बेपत्ता असला तरी केवळ तेवढ्यावरून त्याला मृत मानता येत नाही, बिशपांनी चौकशी करून खात्री करून घ्यावी लागते. मृतदेह नसतानाही मृतासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करता येते. पण इथे 'मृतासाठी' हाच शब्द आईला नको होता, आणि माझ्या मते तो नाकारण्याचा तिला अधिकार होता. दुसरीकडे, कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की धर्मगुरूनेसुद्धा उपासनाविधीत आपल्या मर्जीने काही घालू, गाळू वा बदलू नये. त्यामुळे संस्कारांना हात न लावता शास्त्रवाचन, स्तोत्र आणि विनवण्या यांची एक साधी प्रार्थनासभा मी बांधली.

ती बांधताना काय म्हणायचे यापेक्षा काय म्हणायचे नाही, यावरच माझा अधिक वेळ गेला. पहिल्यांदा हाती आले ते १०७वे स्तोत्र, कारण त्यात समुद्रावर उद्योग करणारी माणसे आहेत आणि वादळही आहे. पण त्यातली माणसे शेवटी इच्छित बंदराला सुखरूप पोहोचतात, आणि हे त्या दोघींना ऐकवणे मला क्रूर वाटले. मी १३९वे घेतले. अधोलोकात अंथरूण केले तरी तू तेथे आहेस आणि समुद्राच्या पलीकडच्या तीरावर जाऊन राहिलो तरी तुझा हात मला धरील, असे त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो. तो जिवंत असो वा नसो, हे शब्द दोन्हींकडे खरे ठरतात. चिरशांतीची प्रार्थना मी गाळली. पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती अंत्यविधीत शवपेटीजवळ ठेवतात, ती मी बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी ठेवली, कारण त्या मुलाविषयी आम्हाला खात्रीने ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्याचा बाप्तिस्मा होता.

स्मरणदिनाच्या आदल्या संध्याकाळी लोक चर्चमध्ये जमले. किनाऱ्यावर जाऊ या, असे काहींचे म्हणणे होते, पण आईला समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करायची नव्हती. काहीजण पुष्पचक्रे घेऊन आले होते, ती मी दाराबाहेरच ठेवायला सांगितली. त्यावरून थोडी नाराजी झाली. मग मी बाप्तिस्म्याची नोंदवही उघडून त्याची नोंद मोठ्याने वाचली: नाव, आईवडिलांची नावे, तारीख, धर्ममायबाप. समासात दृढीकरण संस्काराची आणि विवाहाची नोंद होती, पुढची जागा कोरी होती. मी ती तशीच लोकांना दाखवली.

यानंतर प्रत्येकाने कुंडातल्या पाण्याने स्वतःच्या कपाळावर क्रूसाची खूण करायची होती. आई पुढे आली आणि थबकली. "हे समुद्राचं नाही ना?"

"नाही आई, विहिरीचं आहे."

तिने बोटे बुडवली. सर्वांत मागे, खांबाआड तांडेल उभा होता. बोट बुडाल्यापासून तो त्या घराची पायरी चढला नव्हता. आई त्याच्यापर्यंत चालत गेली आणि ओल्या बोटांनी तिने त्याच्याच कपाळावर क्रूस काढला. तो हमसून रडू लागला. माझ्या कागदावर हे नव्हते. पुढे अशा दुसऱ्या एका कुटुंबासाठी ही प्रार्थना वापरली तेव्हा एकमेकांच्या कपाळावर क्रूस काढण्याची सूचना मी त्यात लिहून घेतली. बिशपांना मसुदा दाखवला तेव्हा या प्रार्थनेला मृतांची मिस्सा म्हणून कुणी समजू नये, एवढी काळजी घ्यायला त्यांनी सांगितले.

मेणबत्तीचा प्रश्न पत्नीनेच सोडवला. दुसऱ्या दिवशी दफनभूमीतल्या मोठ्या क्रूसापाशी तिने ती लावली. कपडे मात्र रोजचेच होते. त्याचे नाव कोणत्या यादीत वाचायचे, यावर गावात अजूनही एकमत नाही. मी तिथे होतो तोवर ते मृतांच्या यादीत न वाचता, समुद्रावर असलेल्यांसाठीच्या विनवणीत वाचत असे.