मालवणच्या होडीत बसण्यापूर्वी

डिसेंबरात पुण्याहून मालवणला जायचे ठरल्यापासून आमच्या घरी खाण्याच्या पदार्थांचीच यादी वाढत आहे. मला मात्र होडीची तयारी महत्त्वाची वाटते. देवबाग ते निवती या पट्ट्यात डॉल्फिन पाहायचे असतील, तर सकाळीच निघावे, कारण दुपारी खारे वारे जोर धरतात आणि लाटांच्या फेसात डॉल्फिनचा पाठीवरचा पर ओळखूच येत नाही. हे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. त्यामुळे खोल समुद्रात नेण्याचा हट्ट नावाड्याकडे धरू नये, पाठलागाचा तर मुळीच नाही. दुर्बीण आठपट पुरे, कारण त्याहून शक्तिशाली दुर्बिणीतून हलत्या होडीवर नुसती थरथर दिसते.

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर सोबत्याला ते खांद्यांशी धरून वर ओढायला सांगावे; जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर दुसरे मागून घ्यावे, मग कोणी हसले तरी हसू द्यावे. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी.

कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, तरी तटावरून उन्हात फिरायचे असल्याने टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असावीच.