एका चिपमध्ये सहा सूर

घरी सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य, बनवायचा म्हटलं की लोकांना वाटतं केवढं मोठं काम, पण ४०१०६ नावाची साधी चिप घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, तिच्यात सहा इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नव्हे, सिग्नल उलटा करणारं छोटं सर्किट) असतात आणि प्रत्येकाला एक रेझिस्टर अन् एक कपॅसिटर नीट जोडला की तो आपला आपण वाजायला लागतो, म्हणजे एका चिपमध्ये सहा सूर!! आता रेझिस्टरच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, लावून बघा. हाताची सावली पडली की सूर खाली उतरतो, हात हळूहळू बाजूला घेतला की वर चढतो, चक्क मींड घेता येते हो, आणि हे मला कुठल्याही महागड्या कीबोर्डपेक्षा जास्त आवडतं. ९ व्होल्टची बॅटरी पुरते. न वापरलेले इनपुट तेवढे ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाला, जोडा, आणि हेडफोन थेट लावू नका प्लीज, आधी व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण, हवाच. डबा कुठलाही चालतो, लाकडी असेल तर भोकं पाडायला सोपं.