आमची वाटचाल : १४० सोसायट्यांची एक तारीख

डोंबिवली पूर्वेला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस आहे. गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं, पावत्या, वर्षअखेरीचे हिशेब हे आमचं काम. २०१४ मध्ये ११ सोसायट्या होत्या. एक्सेलमध्ये बिलं करायची, छापायची आणि गठ्ठा सेक्रेटरींच्या हातात द्यायचा, एवढं मी आणि बायको दोघांत उरकायचो. २०१८ पर्यंत आकडा ६० च्या पुढे गेला, तेव्हा मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. सदस्यांची यादी वाचायची, बिल बनवायचं, मेल करायचा. रात्री तो लावून घरी जायचं. पावसाळ्यात लाइट गेली की सकाळी निम्मी बिलं गेलेली असायची आणि निम्मी राहिलेली.

मार्च २०२० मध्ये ऑफिसला कुलूप लागलं आणि तो कॉम्प्युटर आतच अडकला. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या ऑनलाइन जागेवर होताच, म्हणून काम त्यांच्याच गिटहब अ‍ॅक्शन्स या सोयीवर नेलं. वेळापत्रक लिहून ठेवायचं, ठरल्या वेळी तिकडचं मशीन प्रोग्रॅम चालवतं. अशा एका फेरीला रन म्हणतात. खासगी कोडला महिन्याला २,००० मिनिटं फुकट मिळत होती, आणि आमच्यासारख्याला तेवढंच कारण पुरलं.

पहिली ठेच घड्याळाची. वेळापत्रक तेव्हा यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेप्रमाणे चालायचं. मी सकाळचे ६ लिहिले, बिलं पोचली साडेअकराला. मग ००:३० लिहिलं तेव्हा आपले ६ वाजले. गणपती मंदिरात काकडआरतीला जाणाऱ्या एका खजिनदार काकांना बिल पहाटे ५ लाच हवं होतं. एक तारखेला आपल्याकडे ५ वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस चालू असतो. तो कधी ३०, कधी ३१, फेब्रुवारीत २८ किंवा २९. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असं त्या वेळापत्रकात सरळ लिहिताच येत नाही. काकांना म्हटलं, सहाच्या आधी जमणार नाही. कारण सांगत बसलो नाही.

खरा फटका बसला २०२१ मध्ये. तोवर १४० सोसायट्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीचा वेगळा जॉब, म्हणजे रनमधला स्वतंत्र तुकडा होता. एका वेळी २० जॉब चालायचे, बाकीचे रांगेत थांबायचे. त्या महिन्यात एका सोसायटीची नवी विंग यादीत आली. तिच्या काही फ्लॅटना मेलचा पत्ताच नव्हता, म्हणून तिचा जॉब पडला, म्हणजे चूक येऊन बंद झाला. पडला तर पडला, एकच सोसायटी राहील, असा माझा समज. पण असे एकाच साच्यातले जॉब एकत्र लावले, की एक पडताच उरलेले सगळे रद्द व्हावेत, हीच तिथली मूळ सेटिंग आहे. ती बदलता येते. मी बदलली नव्हती. त्यामुळे काही सोसायट्या पूर्ण झाल्या, काही अर्ध्यात तुटल्या, बहुतेकींना सुरुवातच झाली नाही.

सात वाजता फोनवर पडलेल्या जॉबच्या लाल खुणा पाहिल्या आणि चहा हातात असतानाच पत्ते भरून सगळे जॉब पुन्हा चालवले. नुसते पडलेले जॉब पुन्हा चालवायची सोय मार्च २०२२ मध्ये आली. ती असती तरी अर्ध्यात तुटलेल्यांचं काय, हा प्रश्न होताच. ज्यांना बिल गेलं होतं त्यांना दुसरं गेलं. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या बिलाने पहिलं बिल थकबाकी धरलं, रक्कम दुप्पट. व्याज तेवढं लागलं नाही, कारण ते आम्ही दिवसांवर मोजतो. दुपारपर्यंत फोन ठेवता आला नाही. एका पेन्शनर आजोबांनी दुप्पट रक्कम भरूनही टाकली होती. एका खजिनदारांनी विचारलं, “अहो, तुमचा महिना किती दिवसांचा?”

संध्याकाळी बायको पावतीपुस्तक घेऊन समोर बसली. म्हणाली, “यात मी पावती फाडली की स्थळप्रत मागे राहते. तुझ्या प्रोग्रॅमची स्थळप्रत कुठाय?” नव्हती. रन हिरवा म्हणजे बिल गेलं, लाल म्हणजे नाही गेलं, एवढ्यावरच मी चाललो होतो.

आता बिल निघण्याआधी सोसायटी, फ्लॅट आणि महिना यांची एक नोंद होते. तीच नोंद दुसऱ्यांदा घालू गेलं तर डेटाबेस नाकारतो आणि प्रोग्रॅम पुढच्या फ्लॅटकडे जातो. मेल गेला की त्याच नोंदीवर खूण पडते. नोंद आहे पण खूण नाही, अशी बिलं आम्ही हाताने तपासतो. महिन्याला चार-पाच निघतात. १४० च्या १४० पुन्हा चालवले तरी आता भीती वाटत नाही.

त्याच सुमारास रोजच्या आठवणीचे मेल सुरू करायचे होते, तेव्हा मिनिटांचा हिशेब केला. जॉब २० सेकंदांचा असला तरी धरला जातो पूर्ण मिनिट. १४० जॉब रोज, म्हणजे महिन्याला ४,२०० मिनिटं. दहा-दहा सोसायट्यांचे १४ जॉब केले. प्रत्येकाला साधारण चार मिनिटं, दिवसाला ५६, महिन्याला १,६८०. फुकटच्या २,००० मध्ये बसलं!

राहता राहिला साठलेला कचरा. हजारो जुने रन, आणि सुरुवातीच्या अडाणीपणात मी लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक रनच्या नोंदींमध्ये, सदस्यांचे मेल-पत्ते छापत होतो. लॉग सहसा ९० दिवस राहतात, पण तेवढं थांबायचं नव्हतं. गिटहबच्या कमांडने यादी मागवून सगळे उडवले, तर गेले २०च. मर्यादा सांगितली नाही तर ती यादी २० चीच येते. मर्यादा वाढवून पुन्हा लावलं, मधे थोडी विश्रांती ठेवली, कारण एका खात्यावर तासाला ५,००० च विनंत्या चालतात. उडवलेला रन परत येत नाही. म्हणून आधी यादी कागदावर छापतो, बायको त्यावर पेन्सिल फिरवते, मगच कमांड. ३० दिवसांपूर्वीचे हिरवे जातात. लाल रन ती सोसायटीशी बोलणं मिटेपर्यंत काढू देत नाही.

गेल्या एक तारखेला १४ पैकी एक लाल होता. पुन्हा एक नवी विंग. बाकीचे १३ चालत राहिले, आणि त्या विंगेची बिलं दहा वाजता गेली.