आधी मे महिना, मग नकाशा

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी गेला की सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत एकच प्रश्न फिरायला लागतो: "यंदा कुठं?" पूर्वी याची उत्तरं ठरलेली होती. महाबळेश्वर, गोवा, फार तर केरळ. आता त्याच प्रश्नाला बाली, व्हिएतनाम, स्वित्झर्लंड अशी उत्तरं येतात. मुलांना बर्फ हवा असतो, आजोबांना "एकदा युरोप" पाहायचा असतो, आजींना कुठंही चालतं पण बसमध्ये मळमळायला नको असतं. पैसे भरणारा माणूस मात्र सगळ्यांचं ऐकून गप्प बसतो, कारण त्याच्या डोक्यात देश नसतो, आकडा असतो.

या चर्चेची गंमत अशी, की ती नेहमी नकाशापासून सुरू होते. खरं तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरू व्हायला हवी. आपण देश निवडतो असं आपल्याला वाटतं, पण निवडायचा असतो तो आपल्या वाट्याला आलेल्या पंधरा दिवसांना झेपणारा देश. आणि ते पंधरा दिवस भलतेच चोंदलेले असतात. राज्य मंडळाच्या शाळा एप्रिलअखेर सुटतात आणि जूनच्या मध्याला भरतात. सीबीएसईवाल्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं, त्यामुळे त्यांचा मेच तेवढा मोकळा. घरात बारावीचं पोर असेल तर सीईटी आणि मेच्या सुरुवातीची वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा होईपर्यंत घरातल्या कुणी सुटकेस हा शब्दही काढायचा नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदाराचं तर वेगळंच. एप्रिलात खरड छाटणी, मग फुटवे काढणं, सबकेन म्हणजे शेंडे खुडून उपकाड्या करणं, विरळणी. मेमध्ये बाग सोडून युरोपात जाणं म्हणजे पुढच्या हंगामाच्या काडीवर पाणी सोडणं. त्याला खरी उसंत ऑगस्टच्या आसपास मिळते आणि तेव्हा नेमकी मुलांची शाळा असते. उरलेल्या दिवसांत लग्नं. २०२६ सारखं वर्ष मात्र पर्यटकांच्या सोयीचं म्हणायचं: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे महिनाभर मुहूर्तच नाहीत आणि "चुलतभावाच्या मेहुण्याचं लग्न आहे" ही सबबही नाही.

तारखा हातात आल्या की मग नकाशा उघडावा, आणि तोही खोडरबर घेऊन. मे महिन्यात काय काय पुसायचं, याचा हिशेब वाऱ्यापाऊसपाण्याचा आहे. दुबई पहिल्यांदा पुसावी. सांगलीचे चाळीस अंश सोडून तिथल्या चाळिशीत जायचं आणि दिवसभर मॉलमध्ये बसायचं, हा उन्हाळ्यावरचा उपाय नव्हे. खोल्या तेव्हा स्वस्त असतात, त्याचं कारणही हेच. थायलंडला दोन बाजू आहेत. आपल्याकडे जूनमध्ये येणारे नैऋत्य मोसमी वारे मेच्या उत्तरार्धातच अंदमानचा समुद्र ढवळून काढतात, आणि फुकेत, क्राबी त्याच समुद्रावर आहेत. किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, बेटांवर जाणाऱ्या बोटी रद्द होतात. पैसे भरून खिडकीतून पाऊस बघायचा असेल तर आंबा घाट काय वाईट आहे? समुद्रच हवा असेल तर पूर्वेकडच्या आखातातलं कोह सामुई बघावं, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. श्रीलंकेचंही तसंच. कोलंबो-गालेची बाजू मेमध्ये भिजते, त्रिंकोमालीची बाजू कोरडी राहते. एकाच देशात एका दारातून पाऊस आणि दुसऱ्या दारातून ऊन. पॅकेज विकणारा कुठल्या दारातून नेतोय, एवढंच विचारायचं.

बाली विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे तिथं एप्रिल-मेपासून कोरडा मोसम लागतो. मेसाठी ही निवड निर्धोक. विमानतळावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे पाच लाख रुपये लागतात. घाबरू नका, इंडोनेशियाचे रुपये आहेत. शिवाय २०२४ पासून बालीचा म्हणून दीड लाख रुपयांचा वेगळा पर्यटक कर आहे. मध्य व्हिएतनाममधलं दा नांग, होई आन मेमध्ये कोरडं असतं, पण उकाड्याची तयारी हवी. जपानला मुलं फार ओढतात. तिथं २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात चार सार्वजनिक सुट्ट्या येतात आणि अख्खा देश प्रवासाला निघतो. गणपतीत मुंबईहून कोकणात जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. त्या आठवड्यानंतर आणि जूनच्या पावसाआधी जी फट उरते, तीच खरी. चेरीची फुलं बघायला म्हणून मेमध्ये तोक्योला जाणाऱ्यांनी मात्र आधीच जाणून घ्यावं, की ती एप्रिलच्या सुरुवातीलाच गळून गेलेली असतात. हॉलंडच्या ट्युलिपच्या बागेचंही तसंच. कॉयकेनहॉफ मेच्या मध्याला बंद होतं, आणि आपली सहल साधारण तेव्हाच निघते. जाहिरातीत ट्युलिप असतात, ते मागच्या वर्षीचे.

मग उरतो युरोप, आणि उन्हाळ्यात युरोप चांगलाच. प्रश्न किती युरोप, हा आहे. "बारा दिवसांत आठ देश" या ओळीत दिवसांची मोजणी मुंबईच्या विमानतळापासून सुरू होते आणि तिथंच संपते. पहिला आणि शेवटचा दिवस विमानाचा. उरलेल्या दहांत आठ देश बसवायचे म्हणजे बहुतेक देश बसच्या काचेतून. युरोपातल्या बसचालकाला कायद्याने दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आणि साडेचार तासांनी पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची. हे सगळं गाडीतल्या यंत्रावर नोंदलं जातं. त्यामुळे "साहेब, जरा पाच मिनिटं थांबा, फोटो काढू" हे वाक्य कऱ्हाडच्या पुढं चालतं, पॅरिसच्या पुढं नाही. पॅरिस ते ॲमस्टरडॅम पाचशे किलोमीटर आहे, म्हणजे आपलं सांगली-मुंबई आणि वर आणखी सव्वाशे. आठ देशांच्या जागी दोन घ्यावेत, एका गावात तीन-चार रात्री मुक्काम करावा. रोज सकाळी सात वाजता सामान दाराबाहेर ठेवण्यातून आजींची सुटका होते, हा त्यातला सर्वांत मोठा फायदा. मेअखेरीस स्वित्झर्लंडमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सहलीचं भारतीय जेवण साडेसहाला उरकतं. नंतरचे अडीच तास तळ्याकाठी बसायला फुकट मिळतात आणि तेच पुढं वर्षभर आठवतात. बर्फासाठी युंगफ्राउयोखला जाणार असाल तर ते ३,४५४ मीटरवर आहे. आगगाडी थेट वर नेते, पाय दुखत नाहीत, पण हवा विरळ असते. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि वर गेल्यावर नातवंडांच्या मागं धावू नये.

युरोपचं घोडं अडतं ते शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसही. मेसाठी फेब्रुवारीत वेळ घेतली नाही तर मार्चमध्ये व्हिसा केंद्रांवर वेळच मिळत नाही. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. "अमक्या देशाचा लवकर मिळतो" म्हणून त्याच्याकडे अर्ज आणि मुक्काम दुसरीकडे, हा शहाणपणा अर्ज फेटाळून घेण्याचा राजमार्ग आहे. २०२४ च्या जूनपासून मोठ्यांची फी नव्वद युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची पंचेचाळीस. अर्ज फेटाळला गेला तरी ती परत येत नाही. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. बोटांचे ठसे द्यायला बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, म्हणजे परदेशवारीच्या आधी एक सहकुटुंब पुणेवारी आलीच. ठसे जवळपास पाच वर्षं चालतात, तेवढाच दिलासा.

कागदपत्रांत आपल्या भागाच्या दोन खास अडचणी आहेत. पहिली १ जूनची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट लावलेली ही जन्मतारीख आपल्या आजीआजोबांच्या पिढीत घरोघरी आहे, आणि आधारवर एक, मतदार यादीत दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी अशीही असते. पासपोर्ट काढण्याआधी आधी या सगळ्यांचं एकमत करून घ्यावं. नावाचंही तेच. पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर संयुक्त अरब अमिरात पर्यटक म्हणून आत घेत नाही, आणि पासपोर्टवर जे नाव, अक्षर न् अक्षर तेच तिकिटावर हवं. लहानांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे बहुतेकांना तिकीट काढायला बसल्यावर कळतं. परतीनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी, बरेच देश एवढी मागतातच.

दुसरी अडचण शेतीच्या उत्पन्नाची. बेदाण्याचा लाखोंचा सौदा होतो, पण त्यावर आयकर नाही म्हणून विवरणपत्रही नाही, आणि व्हिसा अधिकाऱ्याला तर तेच हवं असतं. शेतीचं उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरत जावं. सोबत सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, सौद्याच्या पट्ट्या आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं. सगळ्यांत वाईट युक्ती म्हणजे अर्जाच्या आठवड्यात मेहुण्याकडून पाच लाख आणून खात्यात ठेवणं. सहा महिने सपाट चाललेलं खातं एकदम टुणकन उडी मारतं, ते वाचायला अधिकारी असावंच लागतं असं नाही.

इतकी यातायात नको असेल तर भूतान आहे. व्हिसा नाही, मतदार ओळखपत्रही चालतं, मात्र माणशी रात्रीला बाराशे रुपयांचा शाश्वत विकास कर भरावा लागतो. चौघांच्या सहा रात्रींचे अठ्ठावीस हजार आठशे; हा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. व्हिसाच्या सवलतींचं एक लक्षात ठेवावं, त्या येतात तशा जातात. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावं. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचं ज्ञान मागच्या वर्षीचं असतं.

सांगलीकरांच्या परदेशवारीतला सर्वांत खडतर टप्पा मात्र देशांतर्गतच आहे. मुंबई ते झुरिक सुमारे नऊ तास आणि सांगली ते सहार विमानतळ आठ. त्यात खंबाटकीला ट्रक आडवा झाला की झुरिक जवळ. पुण्याहून थेट विमान मिळणारं ठिकाण निवडलं तर अर्धा दिवस वाचतो, आणि देश निवडताना हा मुद्दा किल्ले-कारंज्यांइतकाच वजनदार धरावा. त्याहून मोठा सापळा मध्यरात्रीचा. तिकिटावर "६ मे, ००.४०" लिहिलेलं असतं. याचा अर्थ ५ तारखेच्या रात्री. आठ तास रस्ता, तीन तास आधी हजेरी, दोन तास वाटेतल्या गोंधळाला. म्हणजे ५ तारखेला सकाळी साडेअकराला घर सोडायचं. सहा तारखेच्या सकाळी देवाला नारळ फोडून जे निघतात, त्यांचं विमान तोवर कधीच उडालेलं असतं.

नारळावरून आठवलं, सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेलामुळे पेटतं म्हणून अख्ख्या वाट्या सामानातून काढून टाकतात. सातारचे कंदी पेढे युरोपात नेता येत नाहीत. बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशांच्या सामानातही बंद आहेत. अधिक महिन्यात दुबईच्या जावयाला तेहेतीस अनारसे पाठवायची हौस असेल तर आवरावी. अनारशावरची खसखस तिथं अंमली पदार्थांत मोडते आणि तिथले अधिकारी वाण-बिण जाणत नाहीत. त्यापेक्षा आपलं भडंग बरं. हलकं, कोरडं, बिनदुधाचं, आणि तिसऱ्या दिवशी ब्रेड-बटरला कंटाळलेल्या अख्ख्या बसमध्ये त्याला जो भाव येतो, तो मार्केट यार्डात हळदीलाही येत नाही.

शाकाहारी मंडळींनी देश ठरवतानाच पोटाचा विचार करावा. जपानमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो, तो दिसत नाही आणि सांगणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. व्हिएतनाममध्ये फिश सॉसचं तेच, पण तिथं सुटकेचा एक शब्द आहे: चाय. चाय म्हणजे शाकाहारी. "कॉम चाय" पाटी दिसली की निर्धास्त आत शिरावं. तिथले बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी चांगलं मिळतं. चहा हवा असेल तर मात्र "चा" म्हणावं, म्हणजे सांगलीत म्हणतो तसंच.

पैशांचं थोडक्यात. पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच गोळा केलेला आयकर, हा खर्च नव्हे. विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, फक्त साधारणपणे ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच. परदेशी दुकानात यंत्र विचारतं, रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात? आपलं म्हणून रुपये दाबू नयेत, तिथं दर त्यांचा लागतो आणि तो महागच असतो.

आणि जाण्याच्या धांदलीत परतीची महालक्ष्मी एक्स्प्रेस विसरू नये. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मे-जूनमध्ये ते पहाता पहाता भरतं. विमान रात्री एक वाजता मुंबईत उतरणार असेल तर गाडी त्याच तारखेच्या रात्रीची घ्यायची, आदल्या तारखेची नव्हे. मधले अठरा-एकोणीस तास दादरच्या आत्याकडे.